सुदाच्या गेमकडून मी नेमकं काय मागू?

पत्र

कॉलेजात असताना निन्टेन्डोच्या वी कन्सोलवर ‘नो मोअर हीरोज’ हा व्हिडिओ गेम खेळलो आणि तो बनवणाऱ्या गोइची सुदा या जपानी माणसाचं वेडच लागलं. तेव्हापासून त्यांचं नाव असलेला प्रत्येक गेम पहिल्याच दिवशी घेत आलोय. ‘शॅडोज ऑफ द डॅम्ड’ ठीक वाटला, ‘लॉलिपॉप चेनसॉ’ जेमतेम, ‘किलर इज डेड’ अर्धवट सोडला आणि ‘ट्रॅव्हिस स्ट्राइक्स अगेन’ सुरू केल्यावर तर चक्क फसवल्यासारखं वाटलं. माझा एक मित्र म्हणतो, खरा चाहता असशील तर सुदा देईल ते गोड मानून घे, तो विक्षिप्तच आहे. ‘रोमिओ इज अ डेड मॅन’ जाहीर झाल्यापासून माझं पुन्हा तेच सुरू झालंय, ट्रेलर बघ, स्वप्नं रंगव.

त्यात मागच्या महिन्यात ताई राहायला आली होती. मी खेळत होतो, बारा वर्षांचा भाचा शेजारी बसून बघत होता. ताईने टीव्हीच बंद केला. म्हणाली, “तिशी ओलांडलीस, रक्ताची कारंजी बघून काय मिळतं तुला?” मला उत्तर सुचलं नाही. माझ्या अपेक्षाच चुकीच्या आहेत का?

– वैतागलेला चाहता

उत्तर

तुमच्या पत्रात पाच जुन्या गेमची नावं आहेत. गेम संपल्यावर जी श्रेयनामावली वर सरकत जाते, ती तुम्ही कधी थांबून वाचली आहे का? बहुतेक जण तेवढ्यात पाणी प्यायला उठतात, म्हणून विचारलं.

‘नो मोअर हीरोज’चं दिग्दर्शन सुदांनी स्वतः केलं होतं. ‘शॅडोज ऑफ द डॅम्ड’चं (२०११) मासिमो ग्वारिनी यांनी केलं, ‘लॉलिपॉप चेनसॉ’चं (२०१२) टोमो इकेदा यांनी आणि ‘किलर इज डेड’चं (२०१३) हिदेयुकी शिन यांनी. या तिन्ही गेममध्ये सुदा आहेत, पण कल्पना देणारे, कथा रचणारे, देखरेख करणारे म्हणून. ‘लॉलिपॉप’च्या कथेवर तर पुढे हॉलीवूडमध्ये मोठं नाव झालेल्या जेम्स गनचाही हात फिरलाय. ‘शॅडोज’ची मूळ कल्पना काफ्काच्या ‘द कॅसल’वरून सुचलेली, काळोखाबद्दलची होती. पब्लिशरच्या मागण्यांपुढे ती इतक्यांदा बदलावी लागली की शेवटी हातात आला तो बंदुका आणि पांचट विनोदांनी भरलेला नरक. (मला तो आवडतो, पण ते वेगळं.) खोक्यावर मात्र प्रत्येक वेळी सुदांचंच नाव ठळक. कारण ते नाव विकतं, आणि ते विकतं कारण तुमच्यासारखे लोक पहिल्या दिवशी पैसे मोजतात.

आता गंमत बघा. ‘नो मोअर हीरोज’नंतर अकरा वर्षांनी सुदा दिग्दर्शकाच्या खुर्चीत परत बसले, तो गेम म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आलेला ‘ट्रॅव्हिस स्ट्राइक्स अगेन’. म्हणजे तुमच्या यादीत, तो पहिला गेम सोडला, तर ज्यात सुदा सगळ्यात जास्त आहेत, नेमक्या त्याच गेममध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त फसवल्यासारखं वाटलं. तेव्हा स्वतःला एकदा खरं विचारा: तुम्हाला सुदा हवे आहेत, की तुमचा तो एक गेम पुन्हा नव्याने हवा आहे? दुसरं हवं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त ती मागणी या माणसाकडून पुरी होण्याची शक्यता कमी, एवढं धरून चाला.

कारण लोकांनी ज्याची वाट बघावी तेच ऐन वेळी काढून घ्यायचं, ही सुदांची आजची खोड नाही. गेमच्या धंद्यात येण्याआधी ते अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या ठिकाणी कामाला होते. मग ह्यूमन कंपनीत आले आणि कुस्तीच्या गेमवर काम करू लागले. १९९४ च्या ‘सुपर फायर प्रो रेसलिंग स्पेशल’ची कथा त्यांची. त्यात मोरिओ स्मिथ हा पैलवान एकेकाला लोळवत जगज्जेता होतो. खेळणाऱ्याने तासन् तास बटणं बडवून त्याला तिथवर नेलेलं असतं. आणि शेवटी तो पट्टा मिळवलेला मोरिओ स्वतःला गोळी घालून घेतो. कुस्तीचा गेम विकत घेतलेल्या पोरांच्या तोंडचं पाणी पळालं असणार! १९९८ मध्ये सुदांनी ग्रासहॉपर मॅन्युफॅक्चर हा स्वतःचा स्टुडिओ काढला, त्याच्याही आधीची ही गोष्ट.

तुमच्या लाडक्या गेममध्येसुद्धा हेच आहे, फक्त तेव्हा तुम्ही हसून सोडून दिलंत. नायक ट्रॅव्हिस मारेकऱ्यांच्या क्रमवारीत एकेकाला मारत वर चढतो, त्यातला पाचव्या क्रमांकाचा मारेकरी आठवा, लेट्झ शेक. तुम्ही फी भरलीत, वाटेतली माणसं कापत पोचलात, समोर भूकंप घडवणारं ते अवाढव्य यंत्र घुमायला लागलं. आता मोठी लढाई म्हणून तुम्ही कंट्रोलर घट्ट धरलात, आणि कोण कुठला हेन्री मधेच येऊन लेट्झ शेकचा निकाल लावून निघून गेला. लढाई झालीच नाही. त्या वेळी तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण तोवर तुम्ही या माणसाकडून काहीच मागितलेलं नव्हतं. शेवटच्या दृश्यात तर आता याचा पुढचा भाग येणार नाही म्हणून गेम स्वतःच हळहळतो, आणि पुढे पुढचे भाग आलेच.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त अडकवलं ते मात्र एका न लिहिलेल्या गोष्टीने. तुम्ही ‘नो मोअर हीरोज २’चा उल्लेखच केलेला नाही. पहिल्या दिवशी घेतला असणारच. मग तो विसरलात कसा?

मला वाटतं, त्याचं कारण तुमच्या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. पहिल्या गेममध्ये दोन लढायांच्या मध्ये काय होतं ते आठवून बघा. सँटा डिस्ट्रॉय नावाचं ओसाड शहर. ट्रॅव्हिसची ती जडशीळ मोटारसायकल, जी वळता वळायची नाही. पुढच्या मारेकऱ्याशी लढायचं तर आधी मारेकऱ्यांच्या संघटनेची फी भरायची, ती भरायला पैसे हवेत, आणि पैशांसाठी झाडावरून नारळ पाडायचे, लोकांच्या अंगणातलं गवत कापायचं, कचरा उचलायचा, गाड्यांत पेट्रोल भरायचं. पेट्रोलच्या कामात नळी वेळेवर सोडली नाही तर सांडायचं. हातात विजेची तलवार असलेला, जगातला पहिल्या क्रमांकाचा मारेकरी व्हायला निघालेला माणूस, आणि दुपारभर गवत कापतोय! मग घरी यायचं, मोटेलच्या खोलीत मांजरीशी खेळायचं, संडासात बसून गेम सेव्ह करायचा.

समीक्षकांनी आणि चाहत्यांनी तेव्हा याच गोष्टीवर बोट ठेवलं. शहर रिकामं आहे, कामं कंटाळवाणी आहेत, गाडी भिकार आहे, वगैरे. २०१० च्या दुसऱ्या भागात त्यांचं ऐकलं गेलं. फिरायचं शहर काढून टाकलं, यादीतून जागा निवडायची. फी गेली. कामं जुन्या ८-बिट गेमसारखी छोटी आणि चटपटीत केली. एकामागून एक लढाया, मध्ये अडथळा नाही. लढण्याची मजा निर्विवाद वाढली. दिग्दर्शक यातही दुसराच होता. आणि तरी हा गेम तुमच्या पत्रात नाही. बऱ्याच चाहत्यांना तेव्हा काहीतरी हरवल्यासारखं वाटलं होतं, पण काय ते सांगता येईना. येणार कसं? जे हरवलं ते त्यांनीच तक्रार करून काढायला लावलं होतं.

रक्त उडायचं ते त्या कंटाळ्यामुळे उठून दिसायचं. कंटाळा काढला तर उरतं नुसतं कापत सुटणं, आणि तसले गेम पैशाला पासरी आहेत. २०२१ च्या तिसऱ्या भागात सुदा दिग्दर्शक म्हणून परतले तेव्हा शहरही परत आलं, फीही आली, आणि ठिकठिकाणचे तुंबलेले संडास मोकळे करत फिरायचं कामही आलं. ही त्यांची माफी नव्हे, चांगलं माहीत असून केलेला हट्ट होता.

म्हणून तुमच्या अपेक्षांची यादी एकदा कागदावर काढा आणि तिच्यातलं ‘मला हे आवडलं होतं’ आणि ‘मला हे आवडलं होतं असं मला वाटतं’ वेगळं करा. हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे, त्यासाठी जुना गेम पुन्हा लावावा लागतो. लावाच.

आता ‘ट्रॅव्हिस स्ट्राइक्स अगेन’. तुमचा राग कळतो. वरून दिसणारा कॅमेरा, बुटकी माणसं, एकाच तऱ्हेची झटापट, आणि मध्येच हिरव्या अक्षरांत पानंच्या पानं वाचायला लावणारी कादंबरी. ट्रॅव्हिस आणि बॅडमॅन एका शापित कन्सोलमध्ये खेचले जातात आणि तिथले गेम एकेक करत संपवतात, एवढाच काय तो सांगाडा. मारामारीचा तोचतोचपणा हा खराखुरा दोष आहे, तो बिनधास्त सांगा. पण ‘फसवलं’ म्हणू नका. नावात ‘३’ नव्हता, हा तिसरा भाग नव्हे हे आधी सांगितलेलं होतं, आणि किंमतही पूर्ण गेमची नव्हती. शिवाय तो बॅडमॅन कोण? पहिल्या गेममध्ये ज्या बॅड गर्लला तुम्ही मजेत मारलंत, तिचा बाप. मेलेल्या बॉसला, म्हणजे मोठ्या लढाईतल्या मुख्य शत्रूलाही, घरदार असतं, ही गोष्ट इतक्या वर्षांनी दार ठोठावत येते. गेम बनवणाऱ्यांचे हाल, अर्धवट राहिलेले प्रकल्प, ‘शॅडोज’ची न भरलेली जखम, सगळं त्या बुटक्या कन्सोलमध्ये कोंबलंय. तुम्ही सुरू करून सोडलात असं पत्रावरून दिसतं. तर निकाल राखून ठेवा.

तुमच्या मित्राचं म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही. देईल ते गोड मानून घ्यायला हा काही प्रसाद नव्हे. ‘किलर इज डेड’मध्ये बाईकडे चोरून टक लावून पाहिल्याबद्दल गुण देणाऱ्या त्या ‘जिगोलो’ फेऱ्या आहेत, त्यांना विक्षिप्तपणा म्हणणं म्हणजे विक्षिप्तपणाचा अपमान आहे. आळशी आणि ओशट लिखाण आहे ते. तिसऱ्या भागात शहरातून गाडी पळवताना स्विचवर चित्र अडखळायचं, त्यातही काही बंडखोरी नव्हती. निर्मात्याने मला चकित करावं की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. गेम नीट चालावा, ट्रेलरमध्ये दिसलं ते गेममध्ये असावं, किंमत मालाला साजेशी असावी, हे मात्र मागायचा हक्क गिऱ्हाइकाला आहेच. मित्राला ‘किलर७’ची आठवण करून द्या. २००५ मध्ये तो आला तेव्हा लोक गोंधळले होते: एक बटण दाबलं की ठरलेल्या वाटेने पुढे जायचं, गोळी मारायची तर थांबायचं, आणि न दिसणाऱ्या शत्रूंचं आधी नुसतं हसू ऐकू यायचं. पण ती विचित्र रचना प्रत्येक मिनिटाला काहीतरी साधत होती. हसू ऐकलं की पाय थिजायचे, आणि गोळी झाडताना हलायची सोय गेमने ठेवलेलीच नव्हती. विचित्र असणं आणि कच्चं असणं यातला फरक ओळखणारा चाहता निर्मात्याच्या जास्त उपयोगाचा असतो.

आता ताईंचा प्रश्न. पहिली गोष्ट, टीव्ही बंद केला ते त्यांनी योग्यच केलं. ‘नो मोअर हीरोज’, ‘किलर७’, ‘लॉलिपॉप चेनसॉ’, या सगळ्यांना अमेरिकेत ‘एम’ म्हणजे सतरा वर्षांवरील असंच मानांकन आहे, आणि ते फक्त रक्तासाठी नाही. तलवार चार्ज करायला ट्रॅव्हिस हाताची जी हालचाल करतो, ती बारा वर्षांच्या मुलाने मामाला विचारायच्या आत तुम्हीच गेम लपवायला हवा होता. यावर वाद नको, भाच्याबरोबर दुसरं काहीतरी खेळा.

दुसरी गोष्ट, ‘काय मिळतं तुला’. इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘ते रूपक आहे ताई, समाजावर भाष्य आहे’ असलं काही सांगायला जाल तर त्या हसतील, आणि बरोबर हसतील. मजा येते, हे आधी कबूल करा. स्क्रीनवर बाण दिसतो, त्या दिशेने हात फिरवायचा, शत्रूचे दोन तुकडे, नळ फुटल्यासारखं रक्त आणि त्यातून खणखणत पडणारी नाणी. मेंदूला गुदगुल्या करायलाच हे बनवलंय.

पण त्यापुढे सांगण्यासारखंही आहे. हा गेम वी-वर आला तेव्हा त्याच्या दोन तऱ्हा होत्या. अमेरिकेतल्या आवृत्तीत रक्त होतं. जपानमध्ये आणि युरोपात रक्ताच्या जागी काळे ठिपके उडायचे, राखेसारखे. युरोपातले चाहते तेव्हा फार चिडले, आपल्याला अर्धाच गेम दिला म्हणून. माझं मत विचाराल तर त्या काळ्या राखेतही गेमचं फारसं बिघडत नाही. माणूस राखेसारखा उडून जातो आणि नाणी तेवढी उरतात, ही गोष्ट एका परीने लाल कारंज्यापेक्षा जास्त कडवट आहे.

आणि ताईंना दाखवायचाच असेल तर एक प्रसंग दाखवा, सहाव्या क्रमांकाच्या हॉली समर्सचा. तिचा एक पाय कृत्रिम, त्यात क्षेपणास्त्रं. समुद्रकिनारी लढाई होते, ट्रॅव्हिस जिंकतो, आणि त्याच्याने शेवटचा वार करवत नाही. इतका वेळ बाण दिसला की हात फिरवणारे तुम्ही, इथे बाण येतच नाही. मारेकऱ्याने मारायला नकार देणं तिला मान्य नाही. ती तोंडात हातबॉम्ब घालून स्वतःच संपते, आणि ट्रॅव्हिस तिला पुरतो. इथे नाणी पडत नाहीत. ज्या माणसाने अंत्यविधीचं काम केलंय त्यानेच हे लिहिलंय हे तिथे कळतं. मोरिओ स्मिथलाही ते लागू आहे. सुदांच्या गेममध्ये शेकडो माणसं थट्टेत मरतात आणि एखाद-दुसरा मृत्यू असा येतो की आधीच्या थट्टेची चव बदलते. हे ताईंना पटेलच असं नाही. न पटलं तर न पटो, तुम्हाला उत्तर सुचलं नाही म्हणून सांगितलं.

राहिला ‘रोमिओ इज अ डेड मॅन’. काळ-अवकाशाच्या एफबीआयचा एजंट, अर्धा मेलेला रोमिओ आणि हरवलेली ज्युलिएट, एवढं ऐकून तुमच्या डोक्यात गेम बनवून तयार झाला असेल. तो गेम तुमचा आहे, ग्रासहॉपरचा नाही. या वेळी दिग्दर्शनात सुदा स्वतः आहेत. आता तुम्हाला माहीत आहे की ही आनंदाची बातमी आहे आणि धोक्याची सूचनाही. तेव्हा प्री-ऑर्डर नको. कुणाची तरी अर्ध्या तासाची अखंड, न कापलेली खेळी बघा, त्यातही लढाई सोडून मधला भाग. तिथे जीव रमतोय का बघा. ट्रेलर पाठ करणं आजपासून बंद.

आणि हात शिवशिवत असतील तर मागे जा. ‘द सिल्व्हर केस’, १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर आलेला, ग्रासहॉपरचा पहिला गेम. तो आता पीसीवर मिळतो. ‘किलर७’ही मिळतो. ‘सिल्व्हर केस’मध्ये रक्त कमी आणि वाचन फार, पहिले दोन तास तुम्ही मला शिव्या द्याल. पण सुदांकडून तुम्ही काहीच मागत नव्हता त्या अवस्थेला परत जायचं तर ज्या गेमबद्दल तुम्हाला काहीच ठाऊक नाही तोच घ्यायला हवा.

‘ट्रॅव्हिस स्ट्राइक्स अगेन’ अजून कपाटात असेल, तो विकू नका. दोघांनी मिळून खेळला तर त्यातली तीच ती झटापट बरीच सुसह्य होते. मित्राला बोलवा, बॅडमॅन त्याला द्या. सगळं गोड मानून घेतो ना तो, मग हिरव्या अक्षरांतली पानं मोठ्याने वाचून दाखवायचं कामही त्याच्याकडेच.